आकाशातल्या ढगांत काय आहे, हे कसं कळतं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

एरवी आम्ही इथं कर्ज, हप्ते, शेळीपालन, शिलाई, बँकेचे अर्ज यांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तो आमच्याच बैठकीतून आला. आपल्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला जुन्नर-आंबेगावच्या बाजूलाही जातात. तिकडं नारायणगावजवळ रस्त्यावरून आणि उसाच्या फडातून मोठमोठ्या जाळीच्या ताटल्या दिसतात, आभाळाकडं तोंड केलेल्या. आमच्या गटांतल्या काही जणी त्या बघून आल्यात. त्या कशासाठी आहेत, याची उत्तरं मात्र तिथं चार मिळाली. कुणी म्हणालं टीव्हीच्या, कुणी म्हणालं मिलिटरीच्या, कुणी म्हणालं पावसाचा अंदाज काढायला. एक जण तर म्हणाला, तुम्हाला काय करायचंय, तुम्ही मोळ्या बांधा.

बैठकीत यावर बोलणं निघालं आणि आम्ही ठरवलं की माहिती काढायची. विज्ञानाच्या शिक्षकांना विचारलं, पुस्तकं वाचली. त्यातून जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो. त्या ताटल्या म्हणजे दुर्बिणी आहेत. डोळा लावून बघायच्या नव्हेत, रेडिओच्या लहरी पकडायच्या. अशा दुर्बिणींनी माणसाला काय कळलं, तर ताऱ्यांच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत पाणी आहे, अमोनिया आहे, दारू आहे आणि साखरेच्या नात्यातला एक पदार्थसुद्धा आहे. तिथं कुणी गेलेलं नाही, तिथून कुणी काही आणलेलं नाही. मग हे कळलं कसं? आजचं बोलणं त्याच्यावर आहे.

आधी रेणू म्हणजे काय ते पाहू. कोणताही पदार्थ बारीक करत गेलं तर शेवटी अणू लागतात. हायड्रोजनचा अणू, ऑक्सिजनचा अणू, कार्बनचा अणू. हे अणू एकमेकांना धरून राहिले की त्यांचा रेणू होतो. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाण्याचा रेणू. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन मिळून अमोनिया. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबणारा वास येतो ना, तोच अमोनिया, आणि युरियाचं खत त्याच्यापासूनच बनतं. कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचा एक मिळून कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यावर माणसं दगावतात, ती याच वायूमुळं. म्हणजे नावं अवघड असली तरी हे सगळे आपल्या ओळखीचेच आहेत.

आता आकाशात या. दोन ताऱ्यांच्या मध्ये काहीच नसतं असं आपल्याला वाटतं. तिथं वायू आणि धूळ असते, पण फार विरळ. कुठं कुठं ती जरा दाटते, तिला शास्त्रज्ञ ढग म्हणतात. हा ढग आपल्या पावसाळी ढगासारखा नाही. आपल्या हवेत साखरेच्या मोठ्या खड्याएवढ्या जागेत, म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये, २५ या आकड्यापुढं १८ शून्यं लिहावीत इतके रेणू असतात. आकाशातल्या दाट म्हणवल्या जाणाऱ्या ढगात तेवढ्याच जागेत काही हजार ते काही लाख. आणि थंडी किती? आतल्या भागात शून्याखाली २६० अंशांच्या आसपास.

एवढ्या विरळ जागी दोन अणूंची गाठ पडणार कुठं? इथं धूळ कामाला येते. गावात दोन बाया आपापल्या रानात राबत असल्या तर महिना-महिना भेटत नाहीत, पण पाणवठ्यावर भेटतात. तसा धुळीचा कण हा अणूंचा पाणवठा आहे. हायड्रोजनचे अणू येऊन कणाला चिकटतात, तिथं दुसरा भेटतो आणि जोडीनं रेणू होऊन बाहेर पडतात. शिवाय ही धूळ रेणूंना राखतेही. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश रेणूंना तोडून टाकतो. आपण उन्हात तोंडाला स्कार्फ बांधतो, तशी ढगाभोवतीची धूळ तो प्रकाश आत येऊ देत नाही. म्हणून आत रेणू टिकतात आणि वाढतात.

मग या रेणूंची ओळख कशी पटते? मैत्रिणींनो, बाजारात माठ घेताना आपण काय करतो? बोटानं वाजवून बघतो. पक्का भाजलेला माठ वेगळा वाजतो, चिरा गेलेला वेगळा. माठ न फोडता आतली गोष्ट कळते. रेणूचंही असंच आहे. रेणू गरगर फिरत असतो, पण वाटेल त्या वेगानं फिरू शकत नाही. जिन्याला पायऱ्या असतात, तशा त्याच्या वेगाला पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला की ती उरलेली ऊर्जा तो एका लहरीच्या रूपानं सोडतो. ती लहर किती लांबीची, हे प्रत्येक रेणूचं ठरलेलं. पाण्याची एक ओळखीची लहर सुमारे १.३५ सेंटिमीटरची. कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची. अमोनियाचं जरा गमतीचं आहे. वावटळीत आपली छत्री उलटी होते ना, तसा अमोनियाचा रेणू उलटा-सुलटा होत असतो, सेकंदाला सुमारे २,४०० कोटी वेळा. त्यातून सव्वा सेंटिमीटरच्या आसपासची लहर निघते.

या लहरी म्हणजे आवाज नव्हे. त्या प्रकाशाच्याच जातीच्या आहेत, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्ही आत्ता आमचं बोलणं ऐकताय ते अशाच लहरींवरून येतंय. रेडिओचं बटण फिरवताना प्रत्येक केंद्राचा आकडा ठरलेला असतो, त्या आकड्यावर आलं की आपलं केंद्र लागतं, आकडा जरा सरकला की खरखर. रेणूंचंही तसंच, फक्त एका रेणूचा एकच आकडा नसतो, पुष्कळ असतात. हे आकडे आधी पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तो वायू नळीत भरून मोजतात, त्यांची यादी करतात. मग दुर्बीण आकाशाकडं करून त्याच आकड्यांवर काही येतंय का ते बघतात.

कधी हे उलटंही होतं. १९७० साली आकाशातून एका आकड्यावर लहर आली, पण ती यादीतल्या कशाशीच जुळेना. शास्त्रज्ञांनी तिला ‘एक्स-ओजेन’ असं तात्पुरतं नाव दिलं, म्हणजे अनोळखी. हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन मिळून झालेला, विजेचा भार असलेला एक रेणू असावा असा अंदाज एकानं सांगितला. अंदाज पटण्यासारखा होता. तरी तो रेणू प्रयोगशाळेत तयार करून त्याची लहर मोजली गेली ती १९७५ साली, आणि तेव्हा ओळख पक्की झाली. पाच वर्षं तो पाहुणा बिननावाचाच राहिला.

या शोधांचा इतिहास थोडक्यात सांगतो. ताऱ्यांमधल्या जागेतले पहिले तीन रेणू १९३७ ते १९४१ या काळात कळले. ते दोन-दोन अणूंचे होते आणि ताऱ्यांच्या प्रकाशात पडलेल्या बारीक काळ्या रेघांवरून ओळखले गेले. १९६३ साली अमेरिकेत रेडिओ दुर्बिणीनं पहिला रेणू सापडला. एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन मिळून झालेला, त्याला हायड्रॉक्सिल म्हणतात, त्याची लहर १८ सेंटिमीटरची. इतक्या विरळ जागी यापेक्षा मोठे रेणू टिकत नसतील असं तेव्हा बहुतेकांना वाटायचं. पण १९६८ साली चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॅलिफोर्नियात अमोनिया सापडला, १९६९ साली पाणी सापडलं. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांना कार्बन मोनॉक्साइड सापडला, तोही मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात. आजपर्यंत अशा रेणूंची संख्या ३००च्या वर गेली आहे.

त्यांतले काही ऐकून आमच्या बैठकीत हसू पिकलं. मुंगी चावल्यावर आग होते ती ज्या आम्लामुळं, ते फॉर्मिक आम्ल आकाशात आहे. १९७५ साली इथिल अल्कोहोल सापडलं, म्हणजे आपल्याकडं मळीपासून गाळतात तीच दारू. धनू राशीच्या दिशेला, आपल्या आकाशगंगेच्या मध्याजवळ, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर एक प्रचंड ढग आहे, त्यात ती आहे. दारूबंदीसाठी झटणाऱ्या आमच्या एक मावशी म्हणाल्या, तिथं तरी दुकान नाही ना? आणि २००० साली त्याच ढगात ग्लायकोलाल्डिहाइड नावाचा रेणू सापडला. नाव मोठं आहे, पण साखरेच्या घराण्यातला तो सगळ्यात साधा नातेवाईक. वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या पाठीमागं घालवणाऱ्या आम्हांला ही गोष्ट सांगावीशी वाटली.

आता त्या जाळीच्या ताटल्यांकडं येऊ. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाजवळ ही दुर्बीण आहे. तिचं नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, थोडक्यात जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानं ती उभारली. डॉ. गोविंद स्वरूप हे तिचे कर्ते. १९२९ साली जन्मलेले स्वरूप २०२० साली पुण्यातच वारले. त्यांनी या कामाची सुरुवात आपल्या राज्यात कल्याणला केली होती. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या ३२ लहान डिश त्यांना मिळाल्या होत्या, त्यांच्यापासून १९६५ साली कल्याणला सूर्याच्या रेडिओ लहरी पकडायची दुर्बीण उभी राहिली. पुढं १९७० साली तमिळनाडूत उटीच्या डोंगरउतारावर अर्धा किलोमीटरहून लांब दुर्बीण झाली, आणि मग खोडद. जुन्या सामानातून सुरुवात करून पुढं जगात नाव करणारं काम झालं, हे भांडवल नाही म्हणून थांबलेल्या आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

खोडदला एकूण ३० ताटल्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट. चौदा जवळजवळ आहेत आणि सोळा तीन दिशांना पसरल्यात, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत. प्रत्येक ताटलीतून आलेली लहर तारेनं एका ठिकाणी आणतात आणि जोडतात. मग तीस ताटल्या मिळून २५ किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीसारखं बारीक बघू शकतात. बचत गटाचं गणित ज्यांना कळतं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एकटीचे शंभर रुपये कपाटात पडून राहतात, सगळ्यांचे मिळून शेळ्या येतात.

ताटल्या जाळीच्या का? पत्र्याच्या का नाहीत? वाऱ्याचा दाब कमी पडतो आणि वजन, खर्च कमी होतो. पण मग लहर जाळीतून निसटत नाही का? इथं आपली चाळणी आठवा. गव्हाच्या चाळणीतून माती खाली पडते, गहू वर राहतो. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची आहेत आणि खोडदला पकडायच्या लहरी वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंतच्या. इतक्या लांब लहरींना ती जाळी पत्र्यासारखीच लागते, त्या आपटून परत फिरतात आणि वरच्या टोकाला गोळा होतात. कार्बन मोनॉक्साइडची अडीच मिलिमीटरची लहर मात्र या चाळणीतून पिठासारखी गळून जाईल. त्यासाठी वेगळ्या, गुळगुळीत पत्र्याच्या दुर्बिणी लागतात आणि त्या उंच, कोरड्या डोंगरांवर असतात. ज्याचं काम त्यानं करावं.

खोडदची दुर्बीण हायड्रोजनच्या सुट्या अणूची लहर ऐकते, २१ सेंटिमीटरची. आणि रेणूंपैकी तिनं ऐकलेला आहे हायड्रॉक्सिल. तुम्ही म्हणाल, त्याची लहर तर १८ सेंटिमीटरची आणि इथं वीसच्या पुढचं ऐकू येतं. त्याचं उत्तर असं. विश्व पसरतंय. फार दूरून निघालेली लहर वाटेत ताणली जाते, इलॅस्टिक ताणावं तशी. निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर या आपल्याच पुण्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली खोडदच्या दुर्बिणीनं घेतलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दूरच्या दोन ठिकाणी त्यांना हायड्रॉक्सिल दिसला होता. त्यांतल्या एकाची १८ सेंटिमीटरची लहर इथं पोचेपर्यंत सुमारे ३० सेंटिमीटरची झाली होती. ती लहर निघाली तेव्हा पृथ्वीसुद्धा तयार झाली नव्हती.

पुढं याच हायड्रॉक्सिलच्या लहरी वापरून एक फार मोठा प्रश्न तपासला गेला. निसर्गाचे नियम अब्जावधी वर्षांपूर्वी आणि आज सारखेच आहेत, की बदललेत? रेणूच्या आकड्यांमधलं अंतर तेव्हाचं आणि आजचं जुळवून पाहिलं तर त्यातून याचा अंदाज येतो. एवढा मोठा प्रश्न, आणि त्याचा एक साक्षीदार आपल्या टोळ्या ऊस तोडतात त्या शिवारात उभा आहे.

मैत्रिणींनो, आता एका न दिसणाऱ्याबद्दल सांगतो. या ढगांत सगळ्यात जास्त असतो तो हायड्रोजनचा रेणू, दोन हायड्रोजन एकत्र आलेला. आणि थंडीत तोच गप्प असतो. त्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या असल्यामुळं तो रेडिओ लहरी सोडत नाही. मग ढग केवढा आहे हे मोजायचं कसं? त्याच्या सोबत असलेल्या कार्बन मोनॉक्साइडवरून. हायड्रोजनचे साधारण दहा हजार रेणू असले तर त्यांच्यात एक कार्बन मोनॉक्साइड असतो, पण तो बोलका असतो. त्याची लहर मोजली की गप्प बसलेल्या दहा हजारांचा हिशोब लागतो. वाड्याच्या आत किती माणसं आहेत ते दिसत नसलं, तरी टोपल्यातल्या भाकरी मोजल्या की अंदाज येतो, तसं. आमच्या एका ताईंनी यावर विचारलं की घरातही जी सगळ्यात जास्त राबते तीच हिशोबात दिसत नाही, तिची मोजणी कशावरून करायची? या प्रश्नावर एक वेगळं भाषण करावं लागेल.

आता ज्या कारणासाठी हा विषय आम्हांला महत्त्वाचा वाटला, ते सांगतो. २००३ साली काही शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की आकाशातल्या ढगांत ग्लायसिन सापडलं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं हे सगळ्यात साधं. ते सापडणं म्हणजे जिवंतपणाच्या सामानातली एक वीट सापडणं. मोठी बातमी होती. पण दुसऱ्या शास्त्रज्ञांनी ती तपासायला घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं. ग्लायसिनच्या काही लहरी जुळल्या असं तुम्ही म्हणता, पण तो खरंच तिथं असेल तर अमुक अमुक आकड्यांवरही लहर यायलाच हवी. ती येते का? २००५ साली त्यांनी दाखवलं की यायला हव्या होत्या त्या लहरी येत नाहीत. म्हणून ग्लायसिन त्या यादीत घातलं गेलं नाही. उल्कापाषाणांत आणि धूमकेतूत ग्लायसिन मिळालं आहे, पण ताऱ्यांमधल्या वायूत त्याची खात्रीची नोंद अजून नाही.

एक आकडा कुणाचाही जुळू शकतो. इतके रेणू, इतके आकडे, योगायोगानं एखादा जुळणारच. म्हणून नियम असा की जेवढ्या खुणा दिसायला हव्यात त्या सगळ्या तपासायच्या. एक जरी ठळक खूण दिसायला हवी तिथं दिसली नाही, तर नाव द्यायचं नाही. सांगणारा किती मोठा आहे, याच्याशी संबंध नाही.

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात मागच्या काही वर्षांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. जास्त व्याज देतो म्हणून ठेवी घेतल्या आणि नंतर शाखांना कुलपं लागली. आमच्या गटांतल्याही काही जणींचे पैसे तसे अडकलेत. कुणी लेकीच्या लग्नासाठी ठेवले होते, कुणी दोन हंगाम कोयता चालवून साठवले होते. तिथं दाखवली जात होती ती एकच खूण, व्याजाचा मोठा आकडा. आता आमच्या गटांत कुणी नवी योजना घेऊन आलं की आम्ही आधी विचारतो, बाकीच्या खुणा दाखवा. नोंदणी कुठली? मागच्या तीन वर्षांचं लेखापरीक्षण कुठं आहे? मुदतीआधी पैसे मागितले तर मिळतात का, मिळालेल्या दोघी-तिघी भेटवा. ठेवीला विमा आहे का, असला तर कागद कुठं? यांतली एक जरी खूण दिसली नाही तर त्या योजनेला आमच्या वहीत जागा नाही. समोरचा चिडतो. म्हणतो, ताई, तुमचा विश्वास नाही का? आम्ही म्हणतो, विश्वासाचा प्रश्न नाही, खुणा जुळायला हव्यात.

आणि एक गोष्ट खास मुलींसाठी. १९२५ साली सिसिलिया पेन नावाच्या २५ वर्षांच्या मुलीनं अमेरिकेत आपला प्रबंध लिहिला. ताऱ्यांच्या प्रकाशातल्या रेघा मोजून तिनं काढलं की तारे बहुतांश हायड्रोजनचेच बनलेले आहेत. त्या काळी सगळे मानत होते की तारे पृथ्वीसारख्याच द्रव्याचे आहेत. हेन्री नॉरिस रसेल हे त्या विषयातले फार मोठे शास्त्रज्ञ, त्यांनी कळवलं की हे शक्यच नाही. तिला आपल्या प्रबंधात लिहावं लागलं की हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी, १९२९ साली, खुद्द रसेल दुसऱ्या वाटेनं त्याच निष्कर्षाला आले, आणि तिचं काम आधी झालं होतं हेही त्यांनी नोंदवलं. रेघा १९२५ सालीही तेच सांगत होत्या. ऐकणारे तयार नव्हते. आज काळ पुष्कळ पुढं आलाय. नेदरलँड्सच्या एविन व्हान डिशूक या आधी रसायनशास्त्र शिकल्या, मग आकाशातल्या रेणूंकडं वळल्या. या विषयातल्या त्या जगातल्या मोठ्या जाणकार मानल्या जातात, आणि २०१८ साली त्यांना कावली पारितोषिक मिळालं.

आपल्या टोळ्या निघतात तेव्हा आठवी-नववीतली मुलगी बरोबर नेली जाते. धाकट्याला सांभाळायला, कोपीवर स्वयंपाकाला. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही, घरची अडचण आम्हांला माहीत आहे. पण हंगामी वसतिगृहाची सोय जिथं आहे तिथं मुलीचं नाव घाला. जिथं नाही तिथं शाळेत आणि ग्रामपंचायतीत विचारा, एकटीनं नको, गटानं जाऊन विचारा. दहा-बारा जणी एकदम गेल्या की उत्तर द्यावंच लागतं. मुलगी आजीजवळ राहत असेल तर तिच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी गावात राहणाऱ्या गटातल्या बायकांनी वाटून घ्यावी. आमच्या काही गटांनी हे सुरू केलं आहे.

शेवटी दोन गोष्टी सांगतो. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमाराला खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं, शाळेतली मुलं प्रयोग मांडतात आणि लोकांना दुर्बीण जवळून बघता येते. ज्या टोळ्या तेव्हा त्या बाजूला असतील त्यांनी एक दिवस काढून लेकरांना न्यावं. मोबाइल मात्र बंद ठेवावा लागतो, कारण अब्जावधी वर्षं चालत आलेली लहर इतकी क्षीण असते की आपल्या मोबाइलच्या गोंधळात ती बुडून जाते.

दुसरी गोष्ट आज रात्रीचीच. थंडीत मृग नक्षत्र सगळ्यांना दिसतं. हरणाचे चार पाय म्हणजे चार तारे आणि पोटात घुसलेला बाण म्हणजे एका ओळीतले तीन तारे. कार्तिक-मार्गशीर्षात पहाटे फडात जायला निघाल तेव्हा ते पश्चिमेला उतरत असतं. त्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला बारीक ताऱ्यांची एक छोटी ओळ लोंबल्यासारखी दिसेल. तिच्या मधोमध जो जरा धूसर ठिपका आहे तोच मृगातला तेजोमेघ, जिथं कार्बन मोनॉक्साइड सापडला आणि पाणीही सापडलं. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे तिथून ज्ञानेश्वर माउलींच्याही सहाशे वर्षं आधी निघालेला प्रकाश आत्ता आपल्या डोळ्यांत येतो. तिथं नवे तारे तयार होतायत. लेकराला उठवून तो ठिपका दाखवा आणि तिथं पाणी आहे म्हणून सांगा. कशावरून, असं त्यानं विचारलं तर रागावू नका. माठ वाजवून दाखवा.

हे भाषण ऐकून काही प्रश्न पडले तर आपापल्या गटाच्या बैठकीत वहीत लिहून ठेवा. आम्ही ते गोळा करून शिक्षकांकडून उत्तरं आणू आणि पुढच्या खेपेला सांगू.